तळाचा पत्रा आणि दाराची फट

जुनी गाडी बघायला आलेला माणूस आधी बॉनेट उघडतो, इंजिनाला कान लावतो, मग रंगावर हात फिरवतो. मी दारं उघडतो आणि लावतो, चारही. नंतर एका बाजूला जॅक देऊन चाक वीतभर उचलतो आणि त्याच बाजूची दारं पुन्हा लावून बघतो. जमिनीवर बिनबोभाट बसणारं दार जॅकवर घासायला लागलं, किंवा दाराभोवतीची फट वर एक आणि खाली एक दिसायला लागली, की खालचा पत्रा गेला असं समजायचं. मॅट उचलून बघणं त्यानंतर.

माझं पत्राकामाचं गॅरेज कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहे. वडिलांचाही हाच धंदा. त्यांच्या वेळी फियाट आणि अँबॅसडर या रोजच्या गाड्या होत्या. ठोकर बसली की यायच्या, ठोकून रंगवून जायच्या. आता त्याच गाड्या हौसेच्या झाल्यात. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर २०२३ ला झाला. तेव्हापासून तर ‘आजोबांची फियाट शेडमध्ये उभी आहे, करून द्याल का’ असे फोन वाढलेत. करून द्यायला हरकत काहीच नाही. फक्त गिऱ्हाईक रंगापासून बोलायला सुरुवात करतं आणि मला तळापासून करावी लागते.

तळाचं एवढं का, ते जीप आणि फियाट शेजारी ठेवल्यावर कळतं. जीपला खाली वेगळी चासी असते. इंजिन, पाटे, चाकं सगळं तिच्यावर, आणि बॉडी वरून बोल्टांनी बसवलेली. जीपचा तळ सडला तर पाय खाली जाईल, पण जीप मोडणार नाही. (तळ सडायचा मात्र तिचाही. महायुद्धातल्या विलीज जीपच्या तळाखाली जे चॅनल होते, त्यांत लाकडाच्या पट्ट्या भरलेल्या असत. लाकूड पाणी धरून ठेवायचं आणि पत्रा नेमका तिथून जायचा.) फियाटला वेगळी चासी नाहीच. १९५३ साली इटलीत ११००-१०३ हे मॉडेल आलं, तेव्हापासून तळ, प्रोपेलर शाफ्टचा बोगदा, दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड, दारांचे खांब आणि छप्पर हे सगळं एकमेकांना स्पॉट वेल्डिंगने जोडलेलं एकच अंग आहे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात तीच गाडी बनवली. आधी लोकांनी जिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं ती, १९६४ पासून डिलाइट, आणि पुढे पद्मिनी. समोरची जाळी बदलली, दिवे बदलले, नावं बदलली. बिनचासीची रचना तीच राहिली. माणसांचं वजन, मागच्या पाट्यांचा धक्का, ब्रेक मारल्यावर पुढे येणारा जोर हे सगळं या पातळ पत्र्यातूनच जातं. तो सडला की गाडी मधोमध थोडीशी खचते, आणि ते सगळ्यात आधी दाराच्या फटीत दिसतं.

मालवणहून एक निवृत्त शिक्षक त्यांची १९६८ ची डिलाइट टेम्पोवर घालून घेऊन आले. बाहेरून गाडी झकास. आकाशी रंग, क्रोम चकचकीत.

“मिस्त्री, तळाला दोन-तीन भोकं आहेत. तेवढा पत्रा मारा म्हणजे झालं.”

“सर, आधी मॅट उचलू द्या, मग बोलू.”

वर रबरी मॅट. तिच्याखाली किंतान आणि नमदा, दोन्ही मे महिन्यात ओले. त्याखाली आवाज दाबण्यासाठी लावलेला डांबरी थर, तडकलेला. मग पॉप रिव्हेट मारून बसवलेला एक पत्रा. तो उचकटला तर खाली आणखी एक, गॅसने टाचलेला. हा दुसरा पत्रा म्हणजे कुणीतरी ठोकून सपाट केलेला तेलाचा डबा होता. पालथा केल्यावर निळ्या अक्षरांत ‘शुद्ध शेंगदाणा’ वाचता येत होतं. कंपनीचा मूळ पत्रा त्याच्याही खाली. ‘पत्रा’ म्हणायचं आपलं, हातात त्याचे पापुद्रे येत होते. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आरपार खालचा कोबा दिसला.

सर गप्प झाले. मग म्हणाले, “तीन-तीन पत्रे असून सडला कसा?”

तीन होते म्हणूनच सडला. हे मी आयटीआयमध्ये शिकलो, शीट मेटलच्या वर्गात. निदेशकांनी घासून लख्ख केलेल्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब टाकला. त्यात रंग दाखवणारी दोन रसायनं मिसळलेली होती. थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी झाली आणि मध्ये निळा डाग उमटला. निळा तिथे लोखंड विरघळतंय, असं त्यांनी सांगितलं. थेंबाच्या कडेला हवा पोचते, मध्ये पोचत नाही, आणि पत्रा खाल्ला जातो तो जिथे हवा पोचत नाही तिथे. आमच्या धंद्यातली निम्मी अक्कल त्या एका थेंबात आहे. उघड्यावर पावसात भिजून वाऱ्यावर वाळणारा मडगार्ड वर्षानुवर्षं टिकतो आणि मॅटखालचा, दोन पत्र्यांच्या सापटीतला तळ जातो, त्याचं कारण हेच. सापटीत केशाएवढं पाणी शिरलं की बाहेर पडत नाही. मालवणच्या हवेत मीठही असतं, आणि मीठ पावसाळी हवेतला ओलावा स्वतःहून ओढून घेतं, म्हणजे वाळायची सोयच नाही. शिवाय झालेला गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो. तो फुगतो, दोन पत्रे एकमेकांपासून रेटतो, रिव्हेट तटकन तोडतो आणि पाण्याला आणखी जागा करून देतो. वरून पत्रा मारणं म्हणजे खालच्याला झाकून सडवणं. स्वस्तात होतं, म्हणून चालतं.

लोकांना वाटतं पाणी खालून येतं, चाकांनी उडवलेलं. काही येतंच. पण मी उघडलेल्या बहुतेक फियाटच्या तळांना वरच्या पाण्याने मारलंय. पुढच्या काचेचं रबर कडक होऊन कोपऱ्यातून गळतं. दाराचं रबर चेपतं. काचेखालच्या हवेच्या जाळीत पानं साचून निचरा बंद होतो. पाणी आतल्या बाजूने ओघळून थेट पायाखालच्या कोपऱ्यात जमतं. कंपनीने निचऱ्यासाठी तळाला भोकं ठेवलेली असतात आणि त्यांत रबरी बुचं. मागच्या कुणी मिस्त्रीने तीच डांबराने बुजवलेली असतात. सरांच्या गाडीत बुजवली होतीच.

सगळं उघडून झाल्यावर खडूने खुणा केल्या. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलं की चांगला पत्रा खणकन बोलतो, सडलेला बद्द आवाज काढतो. खूण सडलेल्या जागेच्या कडेला करायची नाही, चांगला पत्रा लागल्यावर आणखी दोन बोटं पुढे करायची. सरांच्या ‘दोन-तीन भोकां’ची खूण पुढच्या पायाच्या जागेपासून मागच्या सीटखालपर्यंत गेली, दोन्ही बाजूंना. उजव्या बाजूचा रनिंग बोर्डही आतून गेलेला होता. बाहेरून तो गुळगुळीत दिसत होता, कारण बाहेरून होती ती पुट्टी.

आता कापाकापी, असं वाटेल. पण कापायच्या आधीचं काम जास्त वेळ खातं आणि सगळं यश त्यातच असतं. पेट्रोलची टाकी काढून शेडबाहेर नेली. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, कारण आत वाफ असते. बॅटरी सोडवली. सीटा, वायरिंग, ब्रेकची नळी बाजूला केली. मग गाडी घोड्यांवर घेतली, आणि घोड्या कुठे लावायच्या हे नीट ऐका. पुढे सस्पेन्शन जिथे बॉडीला धरतं तिथे आणि मागे पाट्यांच्या जागी. म्हणजे गाडीचं वजन चाकांवर उभी असताना जसं येतं तसंच आलं पाहिजे. मध्येच रनिंग बोर्डाखाली घोड्या देऊन तळ कापला तर पुढचं नि मागचं टोक लोंबतं, आणि तुम्ही नवा पत्रा त्या लोंबलेल्या मापात कायमचा पक्का करता.

गाडी आधीच खचलेली होती, त्यामुळे मध्ये जॅक देऊन केसाकेसाने उचलत गेलो. दारं जागेवरच ठेवली होती. फट वरपासून खालपर्यंत सारखी झाली तिथे थांबलो. मग दाराच्या चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण टेपने मोजून पत्र्यावरच लिहून ठेवले. पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत, तिथून मागच्यापर्यंत, आणि डाव्या खांबापासून उजव्यापर्यंत लोखंडी चौकोनी पाइप आतून वेल्ड केले. पाइप अशा बेताने, की दार लागलं पाहिजे. काम चालू असताना दिवसातून दहा वेळा दार लावून बघायचं असतं. हे पाइप घालायला काही जण कंटाळतात. त्यांच्या हातची गाडी मग रंगून तयार होते, आणि दार लावायला गुडघा लावावा लागतो.

एका वेळी एकच बाजू कापायची हा वडिलांचा नियम. डावीकडचा सगळा तळ नवा होऊन थंड होईपर्यंत उजवीकडे ग्राइंडर न्यायचा नाही. कंपनीचे स्पॉट हळूच ड्रिलने सोडवले, कारण खालचे आडवे चॅनल जिथे शाबूत होते तिथे ते वाचवायचे होते. गाडीचा नंबर जिथे कोरलेला असतो तो पत्रा आधी शोधायचा आणि त्याला हात लावायचा नाही, मग कितीही मोह होवो.

नवा पत्रा विकत मिळत नाही. फियाटचा तयार तळ आता कोण बनवणार? कुर्ल्याच्या जुन्या बाजारात दिवे, हँडल, जाळ्या अजून मिळून जातात, पण तिथे मिळालेला तळ म्हणजे दुसऱ्या कुणाचा सडलेला तळ. म्हणून हाताने बनवायचा. तळासाठी २० गेजचा सीआर पत्रा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. खालच्या चॅनलना १८ गेज, १.२ मिलिमीटर. बरीच गिऱ्हाइकं म्हणतात, जाड पत्रा टाका की, एकदाचं मजबूत होऊ दे. जाड पत्रा जुन्या पातळ पत्र्याला जोडला की वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ बाजू जळते, आणि पुढे ताण येतो तोही जोडाशेजारच्या पातळ पत्र्यावरच. मजबुती जाडीपेक्षा आकारात असते. सपाट कागद हातात धरला की लवतो, त्यालाच दोन घड्या घातल्या की ताठ उभा राहतो. कंपनीच्या तळाला ज्या लांब पन्हळी असतात त्या त्यासाठीच. त्या न काढता सपाट पत्रा टाकला तर पाय ठेवल्यावर ढब-ढब वाजतो आणि रस्त्यावर डोकं उठवतो.

पन्हळी काढायला मी आमच्या मागच्या गल्लीत ट्रंका बनवणाऱ्याकडे जातो. त्याच्याकडे हाताने फिरवायचं बीडिंग मशीन आहे. एक जण हँडल फिरवतो, दुसरा पत्रा रेषेवर धरतो. तो ट्रंकांच्या झाकणांवर नक्षी काढणारा माणूस, माझ्याहून सरळ रेघ ओढतो. जुन्या तळाचा जो तुकडा ओळखू येण्याजोगा होता त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून नक्षी उतरवून घेतली होती, त्याप्रमाणे पन्हळी आल्या. सीटचे बोल्ट, निचऱ्याची भोकं मूळ जागीच. बोगद्याच्या बाजूची वळणं लाकडी ठोकळ्यावर हातोडीने आणली.

जोड कसा घ्यायचा यावर मिस्त्री लोकांत भांडणं होतात. एक पत्रा दुसऱ्यावर चढवून वेल्ड मारणं सोपं, मापात चूक झाली तरी झाकते. पण चढवलेला पत्रा म्हणजे पुन्हा सापट, पुन्हा तो खारट थेंब. जिथे कंपनीनेच पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट मारलेत, तिथे मीही तसंच करतो. वरच्या पत्र्याला भोकं पाडून, त्या भोकांतून खालच्याला वेल्ड भरायचं. आतल्या दोन्ही अंगांना वेल्डिंगआधी जस्ताचा प्रायमर लावायचा, कारण जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. बाकी उघड्या जागी कडेला कड भिडवायची. मध्ये पत्र्याच्या जाडीइतकी फट ठेवायची आणि मागून तांब्याची पट्टी टेकवायची. तांब्याला वेल्ड चिकटत नाही आणि ते उष्णता ओढून घेतं.

वेल्डिंग सीओटूचं, ०.८ ची वायर. वडील गॅसने करायचे आणि सुंदर करायचे, पण गॅसची ज्योत पत्र्याला लांबवर तापवते. तापलेलं फुगतं, थंड होताना आखडतं, आणि आखडताना सगळा तळ ओढून नेतं. सीओटूनेही रेघ सलग ओढली तर तेच होतं. म्हणून एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, तिसरा पार मागे. पहिला हाताला गार लागला की त्याच्या शेजारी पुढचा. बघणाऱ्याला वाटतं, हे काय उड्या मारत काम करतायत. प्रत्येक फेरीनंतर दार लावून फट बघायची. सरांच्या गाडीत डावीकडे शेवटच्या फेऱ्यांना मागची फट किंचित मिटायला लागली, तेव्हा तिथेच थांबून दुसऱ्या टोकाला टाके घेतले आणि ती पुन्हा उघडली.

वेल्डर पोरगा गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरू या म्हणत होता, गंजत नाही म्हणून. गंजायला वेळ लागतो हे खरं. पण वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातंच, आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. त्यावर गूळ खाल्ला की उतरतो असं आमच्याकडे सगळे सांगतात. गूळ खावा, गोड असतो. धुरावर उपाय म्हणजे धूर न घेणं. वापरायचाच असेल तर जोडाच्या कडेचं जस्त घासून काढायचं, पंखा आणि मास्क लावायचा.

वेल्डिंग संपलं की तासभर कुणी जेवायला जात नाही. डांबराचा कण किंवा नमद्याचा धागा कुठे धुमसत राहिलेला असतो. ओलं पोतं आणि बादली हाताशी ठेवायची.

यानंतरचं काम बिनकौतुकाचं आहे, त्यामुळे लोक ते उरकतात. रेड ऑक्साइड मारून मोकळे होतात. एकटा रेड ऑक्साइड पाण्याला अडवत नाही, सावकाश आत घेतो. दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर दोन्ही बाजूंनी, सगळ्या जोडांवर वरून-खालून सीलर, मग रंग, आणि खाली खडी लागते म्हणून रबरी कोटिंग. डांबर नको. ते वाळून तडकतं, आणि तडकलेल्या डांबराच्या मागे पाणी लपतं. रनिंग बोर्ड आणि चॅनलच्या पोकळीत ब्रश जात नाही. तिथे लांब नळीने मेण फवारायचं, पातळ, सापटीत शिरणारं. निचऱ्याच्या भोकांतून ते बाहेर ठिबकायला लागलं की पोचलं.

मधल्या काळात सरांना त्यांच्या भाच्याने व्हिंटेज नोंदणीचं सांगितलं. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर नूतनीकरणाला ५,०००. मूळ रूपातली म्हणजे मोठे फेरबदल न झालेली, आणि चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन बदलणं हे फेरबदलात धरतात. त्यामुळे असा विचार असेल तर कापण्याआधीचे, कापल्यावरचे आणि नव्या पत्र्याचे फोटो ठेवायचे, पन्हळी आणि भोकंसुद्धा जुन्यासारखी केलीत हे दाखवता आलं पाहिजे. ते आम्ही ठेवले होते. पण त्या नंबरची गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला जाणं, एवढंच. सरांना ती मासळीबाजारात न्यायची होती, तेव्हा तो विषय मिटला.

शेवटी पाण्याची परीक्षा. आत सीट नाही, मॅट नाही, कोरा रंगवलेला तळ. सर स्वतः टॉर्च आणि खडू घेऊन आत बसले आणि मी बाहेरून नळी सोडली, आधी दारांवर, मग छपरावर, मग काचेवर. बराच वेळ काही नाही. मग आतून काचेवर टकटक झाली. पुढच्या काचेचा खालचा डावा कोपरा, थेंब थेंब. त्यांनी खडूने गोल केलाच होता. ते रबर बदललं, पुन्हा नळी सोडली, आणि मगच नवा नमदा टाकला, चिकटवला मात्र नाही.

बिलाच्या मागे लिहून दिलं: पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मॅट बाहेर काढून वाळवणे, गणपतीआधी बुचं काढून पाणी आहे का बघणे, दर मे महिन्यात रनिंग बोर्डात मेण. सरांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“आणि पॉलिश किती दिवसांनी?”

“ते तुमचं तुम्ही बघा, सर.”